संमोहनाने विसरलेलं परत आठवतं का? हरवलेला साज, दहावीचं शिबिर आणि काही शंका

गल्ली_नंबर_सात (राजारामपुरी)

नमस्कार मंडळी. शंका तीन-चार आहेत, पण एकमेकींत गुंतलेल्या आहेत म्हणून एकत्रच विचारते.

घरातल्या आज्जींनी (वय ७६) आपला कोल्हापुरी साज दिवाळीनंतर "नीट जपून" कुठंतरी ठेवला. कुठं ते आता आठवत नाही. कपाटं, ट्रंका, धान्याचे डबे, बँकेचा लॉकर, सगळं बघून झालं. नात्यातल्या एकांचं म्हणणं असं की संमोहन करणाऱ्याकडे न्या, तंद्री लागली की अंतर्मन सगळं सांगतं. दोन बैठकांचे पैसे आगाऊ. घरात काहींना वरकामाच्या मावशींचा संशय आहे आणि "संमोहनात कळेलच कुणी घेतलाय ते" असं उघड बोललं जातंय. खरी काळजी त्याचीच वाटते.

तर, संमोहनात माणूस झोपेत असतो की जागा? आपण बघितलेलं सगळं मेंदूत कुठंतरी जसंच्या तसं पडून असतं का? तंद्रीत सांगितलेलं चुकीचं असू शकतं का? उलट, संमोहनाने एखादी गोष्ट विसरायला लावता येते का? आणि शेवटचं, घरात दहावीचा मुलगा आहे, त्याच्यासाठी "संमोहनाने स्मरणशक्ती" अशा शिबिराचं पत्रक आलंय. त्यात काही तथ्य?

ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा की.

टाकाळा_मनोविज्ञान

मुख्य उत्तर आधी देतो, कारण तुमच्याकडे वेळ कमी दिसतो. साज शोधण्यासाठी आज्जींना संमोहनाला नेऊ नका. संमोहनाने आठवण वाढत नाही, आठवणीबद्दलची खात्री वाढते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि घोळ तिथंच होतो.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. नाव तेवढं झोपेवरून पडलं. मँचेस्टरला राहणारे स्कॉटिश सर्जन जेम्स ब्रेड यांनी १८४०च्या दशकात ग्रीकांच्या निद्रादेवाच्या, हिप्नॉसच्या नावावरून हा शब्द रूढ केला. पुढे त्यांनाच तो पटेना, म्हणून "मन एकाच कल्पनेवर खिळणं" अशा अर्थाचा दुसरा शब्द त्यांनी काढून बघितला. पण तोवर पहिला लोकांच्या तोंडी बसला होता. ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढला तर संमोहित माणसात झोपेच्या लहरी दिसत नाहीत. तो ऐकतो, उत्तरं देतो, नको वाटलं तर उठून जातो. होतं ते असं की लक्ष एका जागी गोळा होतं, आजूबाजूचं मागं पडतं, आणि सुचवलेली गोष्ट "मी करतोय" असं न वाटता "आपोआप होतेय" असं वाटतं.

नीट घेतलेली बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते. आधी दहा-पंधरा मिनिटं बोलणं: कशासाठी करायचं, काय होईल, काय होणार नाही, संमती. मग नजर एका बिंदूवर ठेवून किंवा श्वास मोजत शरीर सैल सोडवणं. मग जिना उतरल्याची वगैरे कल्पना. त्यानंतर ज्या कामासाठी आलो त्या सूचना, आणि शेवटी आकडे मोजत बाहेर आणणं. शेवटच्या टप्प्यात घाई केली की त्रास होतो. "हात जड झालाय" अशी सूचना दिली असेल तर "हात पूर्वीसारखा हलका आहे" म्हणून ती स्पष्टपणे काढावी लागते. नाहीतर जडपणा, डोकं भणभणणं, गरगरणं काही वेळ रेंगाळतं. बैठकीनंतर लगेच गाडीला किक मारू नये ते यासाठीच.

सगळ्यांना ते सारखं लागू पडत नाही, हे जाहिरातीत कुणी छापत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये संमोहनक्षमता मोजण्याची पट्टी तयार केली. १९६२ च्या आवृत्तीत सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या १२ सूचना आहेत: हात खाली जाणं, नसलेल्या डासाची गुणगुण ऐकू येणं, लहान वयात गेल्यासारखं वाटणं, शेवटी झालेलं विसरणं. ढोबळ मानाने शंभरातले दहा-पंधरा जण खोल जातात, जवळपास तेवढ्यांना काहीच होत नाही, उरलेले मधे. हा गुण फारसा बदलतही नाही. त्याच लोकांना २५ वर्षांनी परत तपासलं तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.७१ निघाला (१ म्हणजे तंतोतंत जुळणं).

आता स्मृती. सगळं आत रेकॉर्ड झालेलं आहे आणि फक्त बटण सापडायचा अवकाश, ही समजूत चुकीची आहे. आठवण म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समजा. ठिपके थोडे, आणि तेच काय ते त्या दिवशीचे. रेषा आपण आठवताना जोडतो, आणि जोडताना सवय, अंदाज, इतरांकडून ऐकलेलं, प्रश्नातलेच शब्द असं हाताला लागेल ते वापरतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग बघा. सगळ्यांना गाड्यांच्या टकरीची एकच फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांसाठी त्या जागी "लागल्या" असा सौम्य शब्द. आठवड्याने विचारलं, फुटकी काच दिसली का? पहिल्या गटातले १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यातले ७. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच. एका क्रियापदाने एवढं होतं, आणि हे संमोहनाशिवाय.

संमोहनात काय होतं तेही मोजलेलं आहे. १९८३ मध्ये डायवन आणि बॉवर्स यांनी लोकांना ६० चित्रं दाखवली, आठवडाभर ती आठवायला लावली, आणि मग काहींना संमोहनात पुन्हा विचारलं. संमोहित गटाने दुप्पट नव्या वस्तू सांगितल्या, पण चुका तिप्पट केल्या. त्याच वर्षी लॉरेन्स आणि पेरी यांनी खोल जाणारे २७ जण घेतले, त्यांना मागच्या आठवड्यातल्या एका रात्रीत नेलं आणि "त्या रात्री मोठा आवाज होऊन तुम्ही जागे झालात" अशी सूचना दिली. नंतर त्यातले १३ जण आवाज खरंच ऐकल्याचं सांगत होते. ती सूचना होती हे कळल्यावरही काहींचा विश्वास हलला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ मध्ये सगळे पुरावे तपासून हाच निष्कर्ष काढला: संमोहनातून आलेली माहिती जास्त अचूक नसते, सांगणाऱ्याची खात्री मात्र वाढते.

असं का होतं? एरवी एखादी गोष्ट पुसट वाटली की आपण "नक्की नाही" म्हणून सोडून देतो. संमोहनात ही चाळण सैल होते. त्यात कल्पना डोळ्यांसमोर ठळक उभी राहते, आणि ठळक दिसलेलं आपण खरं धरतो. वर "इथं सगळं आठवतं" असं तज्ज्ञ म्हणवणाऱ्याने आधीच सांगितलेलं असतं. मग रिकामी जागा भरली जाते. आज्जी खोटं बोलणार नाहीत, त्यांना तसं खरंच दिसेल. तुमच्या घरात आधीच एक नाव घेतलं जातंय. ते आज्जींच्या कानावर गेलेलं असणार, आणि तंद्रीत कपाटापाशी तोच चेहरा उभा राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एका बाईची रोजी आणि अब्रू त्यावर ठरणार असेल तर हा खेळ नको.

साज न आठवण्याचं कारण बहुधा साधं आहे. विनोग्राड आणि सोलोवे यांनी १९८६ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. "कुणाला सुचणार नाही" अशा खास जागी ठेवलेली वस्तू नेहमीच्या जागेपेक्षा जास्त विसरली जाते. कारण वस्तू आणि जागा यांचा काही संबंधच नसतो, दागिना म्हटल्यावर रव्याचा डबा आठवायला काही धागा लागतो. आणि ठेवताना लक्ष भलतीकडं असेल (दारात कुणी आलं, कुकरची शिट्टी झाली) तर मुळात नोंदच कच्ची होते. कच्च्या नोंदीतून कुठलीही पद्धत पक्की आठवण काढू शकत नाही.

त्याऐवजी काय करायचं? फिशर आणि गायझलमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांना विचारण्याची एक पद्धत बसवली. १९८५ मध्ये संमोहनाशी तुलना केली तेव्हा तिने तेवढीच बरोबर माहिती मिळवली, तीही तंद्रीशिवाय. म्हणजे संमोहनात जे थोडं उपयोगी पडतं ते शांत बसवणं आणि प्रसंगात परत नेणं एवढंच. ते घरी जमतं.

एकाच माणसाने विचारायचं, आज्जींचा ज्याच्यावर जीव आहे आणि ज्याला साजापेक्षा आज्जींची काळजी जास्त आहे अशाने. बाकीचे खोलीबाहेर. साज जिथं काढला असेल त्या खोलीत, दिवसाच्या त्याच वेळी बसवा. त्या दिवशीची साडी, साजाची रिकामी डबी, फराळाच्या वेळचे फोटो जवळ ठेवा. विचारायचं फक्त "त्या दिवशी साज घातला तिथपासून सगळं सांगा, बारीकसारीक, निरुपयोगी वाटलं तरी." "कपाटात ठेवलात का?", "तेव्हा घरात कोण होतं?" हे प्रश्न करायचेच नाहीत, कारण उत्तर त्यातच भरलेलं असतं. मधे थांबल्या तर तुम्हीही गप्प बसा. मोठ्या लोकांना दहा-बारा सेकंद लागतात आणि आपण तिसऱ्याच सेकंदाला बोलतो. एकदा सांगून झालं की उलट क्रमाने: झोपण्यापासून मागं मागं, साज गळ्यातून काढण्यापर्यंत. उलट जाताना सवयीची गोष्ट मोडते आणि सुटलेला दुवा कधी कधी हाती येतो. मूळ पद्धतीत "दुसऱ्याच्या नजरेतून सांगा" असाही भाग आहे, तो घरी गाळा, त्यात कल्पना शिरते. लिहून घेताना प्रत्येक गोष्टीसमोर नोंद करा: "दिसतंय", "असं असेल वाटतं" की "कुणी सांगितलं". शोध फक्त पहिल्यावर घ्या. अर्ध्या तासात थांबा. रोज रोज विचारू नका, कारण दहा वेळा कल्पना केलेली गोष्ट अकराव्या वेळी आठवण वाटायला लागते.

एक वेगळं, पण मला साजापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ७६ व्या वर्षी एकच वस्तू विसरणं नेहमीचं आहे. पण त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, पैशाचा हिशेब चुकणं असंही होत असेल तर फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. बी-१२, थायरॉइड, साखर तपासा. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही म्हातारपणी विसरायला होतं. गोळ्यांची पिशवीच सोबत न्या, नुसती नावं सांगत बसू नका.

संमोहन निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र काढू नका. दुखणं, शस्त्रक्रियेआधीची भीती, आतड्याचा त्रास यात त्याला चांगला आधार आहे. १९८४ मध्ये मँचेस्टरच्याच डॉ. व्होरवेल यांनी आतड्याच्या चिवट त्रासाच्या ३० रुग्णांवर केलेला अभ्यास याचा पाया मानला जातो. तिथं सूचना शरीराच्या जाणिवेवर काम करते. जुन्या घटनेचं सत्य शोधणं हे तिचं कामच नव्हे.

रंकाळा_तांबट_कमान

वरचं सगळं बरोबर. विसरायला लावण्याबद्दल आणि "भूल पाडण्या"बद्दल मी लिहितो.

संमोहनात विसरायला लावता येतं, पण खोल जाणाऱ्यांनाच, आणि ते पुसणं नसतं. "उठल्यावर हे आठवणार नाही, मी टेबलावर टिचकी मारली की आठवेल" अशी सूचना दिली तर उठल्यावर खरंच आठवत नाही, आणि टिचकीसरशी सगळं परत येतं. म्हणजे माहिती जागेवरच असते, काही वेळ हाताला लागत नाही एवढंच. त्याहून मजेशीर प्रकार इव्हान्स यांनी १९६० च्या दशकात नोंदवला. संमोहनात लोकांना सांगितलं की जांभळा अ‍ॅमेथिस्ट तापवला की पिवळा होतो. नंतर विचारल्यावर उत्तर बरोबर यायचं, पण हे कुठं कळलं ते सांगता यायचं नाही. "कुठंतरी वाचलं असेल." मजकूर लक्षात, उगम हरवलेला. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे: बैठकीत कानावर पडलेली गोष्ट चार दिवसांनी "मी स्वतः बघितलेली" होऊन बसते.

स्टेजवरच्या कार्यक्रमात सगळी कला निवडीत असते. सुरुवातीला सगळ्या प्रेक्षकांना बोटं एकमेकांत गुंतवून "हात चिकटले, सुटत नाहीत" म्हणायला लावतात. चारशे लोकांतून ज्यांचे खरंच सुटत नाहीत असे वर बोलवायचे, त्यातले ढिले परत पाठवायचे, उरले दहा. ते आधीच खोल जाणाऱ्या गटातले. त्यात दिवे, टाळ्या, गावासमोर माघार घ्यायची लाज. बटाटा सफरचंद म्हणून खाणारा माणूस कुणाच्या ताब्यात नसतो. पण आपण ठरवून करतोय असंही त्याला वाटत नाही, आणि समजायला अवघड आहे ते एवढंच.

ते "आपोआप" म्हणजे काय, हे घरी पाच मिनिटांत कळतं. २५-३० सेंमी दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेकवा, दोरा चिमटीत धरा. कागदावर अधिकचं चिन्ह काढून अंगठी मधोमध लोंबू द्या. हात हलवायचा नाही, फक्त आडव्या रेषेवर अंगठी फिरतेय अशी कल्पना करायची. मिनिटभरात बऱ्याच जणांची फिरायला लागते. उभ्या रेषेची कल्पना केली की दिशा बदलते. कल्पनेने बोटांचे स्नायू डोळ्यांना न दिसण्याइतके हलतात, आणि लांब दोरा ती हालचाल मोठी करून दाखवतो. कोपर अधांतरी असेल तर हात दमून थरथरतो आणि काही कळत नाही, म्हणून टेकवायचं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये हे नीट मांडलं. आपल्याकडच्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो किंवा हातातली बेचकी वळते, तेही याच तत्त्वाने. पाणाड्या फसवतोच असं नाही, त्याला स्वतःलाच ते बाहेरून होतंय असं वाटतं.

"मला भूल घातली आणि अंगावरचे दागिने काढून दिले" या बातम्या बहुतेक वेळा संमोहनाच्या नसतात. तोतया पोलीस, "पुढं खून झालाय, दागिने रुमालात बांधा" ही भीती, घाई, दोघा-तिघांनी एकदम बोलणं. लक्ष चार ठिकाणी फाटलं की नोंद कच्ची राहते, म्हणून नंतर "कसं दिलं ते आठवतच नाही" हे खरंच असतं. काही प्रकारांत खाण्यापिण्यातून गुंगीचं औषध दिलेलं असतं. तिथं तातडीने रक्त-लघवी तपासायला हवी, उशीर झाला तर हाती काही लागत नाही.

मागच्या जन्मात नेण्याची जाहिरातही त्याच पत्रकावर असेल, म्हणून तेही सांगतो. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ स्पॅनोस यांनी संमोहनात "पूर्वजन्म" सांगणाऱ्यांना त्या काळचा राजा कोण, नाणं कुठलं असले तपासता येणारे प्रश्न विचारले. बहुतेकांची उत्तरं चुकली. एकजण इसवी सन ५० मधला सम्राट ज्यूलियस सीझर होता. सीझर इसवी सनापूर्वी ४४ मध्ये मारला गेला, सम्राट कधी नव्हता, आणि इसवी सन ही गणनाच तेव्हा नव्हती. आपल्याकडे कुणी तंद्रीत "१६६० साली मी पावनखिंडीत होतो" म्हणाला तर तोच प्रश्न: त्या काळचा मावळा शके सांगेल की इसवी सन?

जाता जाता. पणजीला गेलात तर जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा नीट बघा. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १८१३ पासून पॅरिसमध्ये व्याख्यानं देत सांगितलं की शक्ती करणाऱ्याच्या हातात नसते, ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनातच असते. करणाऱ्याच्या अंगातून चुंबकशक्ती वाहते या मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या कल्पनेचा बोलबाला असताना हे म्हणणं फार मोठं होतं. पुतळ्यात मात्र हात पसरून बाईवर प्रभाव टाकणारा माणूस दिसतो, म्हणजे तो जे नाकारत होता नेमकं तेच.

अभ्यासिका_पहाटेची

दहावीच्या शिबिराचं थोडक्यात: स्मरणशक्ती वाढत नाही. परीक्षेची भीती कमी व्हायला शिथिलीकरणाचा उपयोग होतो, आणि भीती कमी झाली की पाठ असलेलं जागेवर आठवतं. तेवढ्यासाठी शिबिर लागत नाही. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, रोज पाच मिनिटं, परीक्षेच्या दीड-दोन महिने आधीपासून. आदल्या दिवशी सुरू केलं तर सवयच झालेली नसते.

"झोपेत ऐका" वाल्या ऑडिओवर पैसे घालू नका. सायमन आणि एमन्स यांनी १९५६ मध्ये ईईजी लावून तपासलं. मेंदू खरोखर झोपलेला असताना ऐकवलेलं सकाळी आठवत नव्हतं. झोपच मोडली तर उलट तोटा, कारण दिवसाचा अभ्यास पक्का व्हायला झोप लागते.

लक्षात राहायला काम करतं ते पुस्तक मिटून आठवणं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून एकदा न बघता लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. मुलांची फसगत त्या पाच मिनिटांच्या यशाने होते. परत वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा समज होतो.

इतिहासाचा धडा घेतला तर: २५ मिनिटं वाचन, पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. दोन दिवसांनी, सात दिवसांनी, तीन आठवड्यांनी पुन्हा कोरा कागद, आणि त्या वेळी वाचायचं फक्त लाल तेवढं. पहिल्या कागदावर जेमतेम निम्मं येतं आणि मुलं "मला जमत नाही" म्हणून सोडून देतात. तिथं पालकांनी सांगायला हवं की तो त्रास हाच अभ्यास आहे. पिवळ्या हायलायटरने पान रंगवणं यात धरू नका.

शाहूपुरी_वकिली

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी.

नार्को आणि संमोहन एक नव्हे. नार्कोत थायोपेंटलसारखं औषध शिरेतून देतात. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करणं घटनेच्या कलम २०(३) आणि २१ च्या विरुद्ध ठरवलं. संमतीने केली तरी त्यातलं बोलणं पुरावा धरला जात नाही, कारण ते बोलताना माणसाचा स्वतःवर ताबा नसतो. जिथं दवाखान्यातल्या चाचणीची ही गत, तिथं खाजगी खोलीतल्या संमोहनात कुणाचं नाव आलं म्हणून आरोप करणं किती कच्चं आहे बघा. नुकसान उलटंही होतं. आज्जींनी साजाबद्दल जे काही खरं बघितलं असेल, त्यावर समोरचा वकील "हे बैठकीआधीचं की नंतरचं?" एवढंच विचारतो आणि सगळी साक्ष ढिली पडते.

म्हणून आज्जींना आत्ता जे आठवतंय ते तारीख-वेळ घालून लिहून काढा, त्यांची सही घ्या. साज गहाळ झाल्याचं पोलीस ठाण्यात कळवायचं असेल तर नेमकं वर्णन, वजन, सोनाराची पावती, साज घातलेला फोटो द्या. संशयित म्हणून नाव घालायला हाती काहीतरी स्वतंत्र हवं. नुसत्या संशयावर चारचौघांत मावशींना चोर म्हटलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीची तक्रार त्या करू शकतात, आणि का करू नये?

कुणाकडे जायचं हे बघताना: "संमोहनतज्ज्ञ" हा किताब कायद्याने राखीव नाही. दोन दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावूनही कुणी म्हणवून घेऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) क्रमांक विचारा. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये. "हमखास आठवेल" असं लिहून देणाऱ्याकडेही नको.

आणि पटवेकऱ्याला विचारलंत का? दिवाळीनंतर साज गाठवायला दिला आणि विसरला, असं होऊ शकतं. सोनाराकडची जुनी चिठ्ठी बटव्यात किंवा पोथीत असते.

गल्ली_नंबर_सात (राजारामपुरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पण उशीर झाला. हे वाचायच्या आधीच नातेवाईक काल दुपारी आज्जींना एका ठिकाणी नेऊन आले. ५२ मिनिटांचं रेकॉर्डिंग फोनवर आहे. आज्जी आता ठामपणे सांगतात, "हिरव्या साडीतली बाई कपाटापाशी वाकली होती." मावशींकडे हिरवी साडी आहे. घरात वातावरण तंग आहे. आता काय करावं?

टाकाळा_मनोविज्ञान

आज्जींशी वाद घालू नका आणि परत सांगायलाही लावू नका. प्रत्येक वेळी सांगताना चित्र आणखी पक्कं होतं. त्यांच्यासमोर हा विषय कुणी काढायचा नाही, हे आजच घरात ठरवा.

मग कागद-पेन घेऊन रेकॉर्डिंग एकट्याने ऐका. कागदाचे दोन भाग करा. डावीकडे विचारणाऱ्याचं वाक्य, उजवीकडे आज्जींचं, दोन्हींसमोर मिनिट-सेकंद. बघायचं एकच: बाई, हिरवा रंग, कपाट, वाकणं या चार गोष्टी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आल्या. "कपाटापाशी कोण दिसतंय?" असं आधी विचारलं असेल तर कपाट आणि माणूस दोन्ही विचारणाऱ्याचे. "साडी कुठल्या रंगाची?" असेल तर बाई त्याची, रंग तेवढा आज्जींचा. "नीट बघा, अजून नीट बघा" किती वेळा आलं तेही मोजा, कारण दर वेळी आज्जी काहीतरी भर घालणार. "छान, बरोबर चाललंय" अशी शाबासकी कुठल्या उत्तरानंतर मिळाली तेही लिहा. मावशींचं नाव रस्त्यात किंवा बाहेरच्या खोलीत घेतलं गेलं होतं का, ते नेणाऱ्यांना विचारा. ते रेकॉर्डिंगमध्ये नसणार.

एवढं करूनही काही आज्जींच्याच तोंडून आलेलं उरलं, तर ते वस्तू शोधायला वापरा, माणसावर नको. कपाट आलं ना? मग त्याचे खण बाहेर काढून मागची फट, खणाखालचा अंथरलेला कागद, घडी घातलेल्या साड्यांच्या आतल्या घड्या बघा. मावशींशी बोलणं रोजच्यासारखं ठेवा, किल्ल्याही रोज होत्या तिथंच.

शाहूपुरी_वकिली

रेकॉर्डिंग पुसू नका आणि कापू नका. मूळ फाइल त्या फोनवर तशीच राहू द्या, ऐकायला प्रत काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या घरच्या ग्रुपवर टाकली असेल तर काढून टाकायला सांगा. मावशींवर आळ आलाच तर त्यांच्या बाजूने सगळ्यात उपयोगी कागद तोच असेल.

उद्या सकाळी गुजरीत, सोनारांच्या पेठेत, जाऊन या आधी.